जालन्याच्या भट्टीचं कूळ

जालना जिल्ह्यात ना लोहखनिजाची खाण, ना कोळशाची. तरीही इथल्या एमआयडीसीतून देशभर सळई जाते, ती भंगार आणि विजेच्या जोरावर. ते भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीचं कूळ मात्र दूरचं.

मूळपुरुष मायकेल फॅरेडे. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे वीज वाहू लागते, हे त्यांनी १८३१ साली दाखवलं. अशी वीज धातूत खेळली की धातू आतूनच तापतो. १८८७मध्ये फेरांती यांनी यावरच्या भट्टीचं पेटंट घेतलं. १९००मध्ये स्वीडनच्या शेलिन यांनी तिच्यात पोलाद वितळवलं. पण त्या भट्टीला धातूचं अखंड कडं लागे, म्हणून थोडा जुना रस विरजणासारखा मागे ठेवावा लागे. १९१६च्या सुमाराला अमेरिकेत नॉर्थ्रप यांनी मधला लोखंडी गाभाच काढून टाकला आणि मुशीभोवती तांब्याचं वेटोळं गुंडाळलं. आता थंड भंगारही चालू लागलं. जालन्याची भट्टी या शाखेतली.

दुसरं घराणं जोसेफ ब्लॅक यांचं. वितळताना बर्फ उष्णता पितो, पण त्याचं तापमान चढत नाही, हे त्यांनी १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोत मोजलं. लोखंडही १५३८ अंशांवर असंच अडून बसतं. एक टन शुद्ध लोखंडाला केवळ घनाचं द्रव व्हायला सुमारे ६९ युनिट लागतात. प्रत्यक्षात भट्टी टनामागे पाचशेहून जास्त युनिट खाते. त्यातला मोठा वाटा वितळबिंदूपर्यंत पोहोचण्यातच जातो, उरलेल्यातला बराचसा वाया. वीजदर हलला की इथले कारखानदार अस्वस्थ होतात ते उगाच नाही.

बिलेट, म्हणजे ज्यांची पुढे सळई होते ते पोलादाचे लांब ठोकळे, ओतताना ही ६९ युनिट परत मिळतात, पण हाती लागत नाहीत. साच्याभोवतीचं आणि फवाऱ्याचं पाणी ती उचलतं, कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन हवेत सोडतं. सगळी उष्णता अशीच गेली असं धरलं, तर टनामागे शंभरेक लिटर पाणी उडालं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा हिशेब विजेच्या बिलाइतकाच टोचायला हवा. बिलेट लाल असतानाच थेट रोलिंगला नेलं, तर ते पुन्हा तापवण्याचं इंधन वाचतं. गोठतानाची उष्णता मात्र तोवर बहुतेक पाण्याबरोबर निघून गेलेली असते.