नाव, कूळ आणि कागद : जर्मन वंशावळींचा धडा

जर्मनीत पूर्वजांचा शोध घेणारा माणूस आधी चर्चच्या जुन्या वह्यांकडे वळतो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी पाद्री तिथे लिहून ठेवत. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ रोजी. त्याआधीच्या काळासाठी मुख्य आधार याच वह्यांचा. पण वही उघडताच पहिला गोंधळ समोर येतो. एकाच घरातली सगळी मुलं ‘योहान’!

संगीतकार योहान सेबास्टियान बाखचं उदाहरण घेऊ. १६८५ साली आयझेनाखमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडिलांचं नाव योहान अम्ब्रोसिउस, भाऊ योहान क्रिस्टॉफ आणि योहान याकोब. यातला ‘योहान’ श्रद्धेपोटी आणि प्रथेपोटी लागलेला. घरात हाक मारायची ती बहुधा पुढच्या नावाने. हे नाव अनेकदा धर्मपित्याकडून येई. बाखच्या धर्मपित्यांपैकी एक होता सेबास्टियान नागेल, दुसरा योहान गेओर्ग कोख. पुढे बाखच्या एका मुलाचा धर्मपिता झाला प्रसिद्ध संगीतकार गेओर्ग फिलिप टेलेमान, आणि त्या मुलाचं नाव पडलं कार्ल फिलिप एमानुएल. म्हणजे नावात नुसती भावकी नव्हे, दोस्ती आणि व्यवसायबंधुत्वही नोंदलेलं असे. म्हणून जाणकार संशोधक धर्मपित्यांच्या रकान्यावरून नजर घाईने फिरवत नाही.

आणखीही चकवे आहेत. एखादं मूल दगावलं की त्याचंच नाव पुढच्या भावंडाला देण्याची रीत होती. त्यामुळे एकाच आईबापाच्या पोटी दोन ‘आना मारिया’ सापडल्या, तर पहिलीच्या दफनाची नोंद शोधावी लागते. स्त्रियांच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागे. बाप म्युलर, लेक म्युलरिन. कूळ एकच.

आडनाव तरी स्थिर असेल म्हणावं, तर तेही नाही. वेस्टफालियात आडनाव माणसापेक्षा शेतवाडीचं असे. शेतवाडीच्या वारसदार मुलीशी लग्न करून आलेला जावई त्या वाडीचं नाव लावी, आणि मुलंही तेच लावत. नोंदीत ‘अमुक ऊर्फ तमुक’ असं लिहिलेलं सापडतं. दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघत आणि रक्ताचं नातं नसलेल्या दोघांचं आडनाव एक. उत्तरेकडच्या ओस्टफ्रीसलांडमध्ये तर बापाचं नावच पुढे लागे, दर पिढीला नवं. तिथला इतिहासकार उब्बो एमिउस हा एमोचा मुलगा, म्हणून एमिउस. १८११ साली नेपोलियनच्या राजवटीने कायम आडनाव घेण्याचं फर्मान काढलं, तरी लोकांनी जुनी रीत सहज सोडली नाही.

यहुदी समाजात हीच पद्धत होती. हिब्रूतला ‘बेन’ आणि अरबीतला ‘इब्न’ ही एकाच मुळाची भावंडं. देसाऊ गावच्या मेंडेलचा मुलगा मोझेस, तो मोझेस मेंडेल्सझोन, अर्थात मेंडेलपुत्र. अठराव्या शतकातला हा नामांकित तत्त्वज्ञ. १८१२ साली प्रशियाने यहुद्यांना नागरिकत्व देऊ केलं, त्यातली एक अट होती कायम आडनाव घेण्याची. राज्याला कर, सैन्यभरती आणि वारसाहक्कासाठी न बदलणारं नाव हवं होतं. तोवर नाव समाजाचं होतं. आता ते दप्तराचं झालं.

दप्तरातल्या नावाचं काय होऊ शकतं, ते विसाव्या शतकाने दाखवलं. १९३३ नंतर सरकारी नोकरीसाठी ‘आर्य’ असल्याचा पुरावा द्यावा लागे. स्वतःचा, आईवडिलांचा आणि चारही आजी-आजोबांचा जन्म किंवा बाप्तिस्म्याचा दाखला, शिवाय लग्नाचे दाखले. लाखो लोक चर्चच्या वह्या धुंडाळू लागले. पूर्वजांचा शोध हा छंद राहिला नाही, ती नोकरी टिकवण्याची अट झाली. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी हा हिशेब नागरिकत्वालाच लावला. १९३८ च्या आदेशाने तर सरकारी यादीतलं ‘यहुदी’ नाव नसलेल्या यहुदी पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणं सक्तीचं केलं, १ जानेवारी १९३९ पासून. इस्राईल म्हणजे हजरत याकूब आणि सारा म्हणजे हजरत इब्राहीमांच्या पत्नी. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही ज्यांचं नाव अदबीने घेतात, त्यांची नावं सरकारने डाग म्हणून वापरली.

यातली मेख नीट पाहायला हवी. घोषणा रक्ताच्या होत्या, पण रक्त तपासण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. आजी-आजोबांची नोंद कोणत्या धर्माच्या वहीत आहे, एवढंच पाहिलं जाई. ज्या वह्यांत जावई सासऱ्याच्या शेतवाडीचं नाव लावत होता, बाळाला धर्मपित्याचं नाव मिळत होतं, त्याच वह्यांतून ‘शुद्ध’ वंश शोधला गेला. वह्या काहीतरी वेगळंच सांगत होत्या. नावं उसनी घेतली जातात, बदलतात, जोडली जातात.

आज त्याच वह्या आणि याद्या चाळून परागंदा झालेल्यांची नातवंडं आपल्या आजी-आजोबांचा माग काढतात. कागद तोच आहे. तो कुणाला शोधण्यासाठी उघडला जातो की वगळण्यासाठी, यावर त्याची किंमत ठरते. आजोबांचा दाखला मागणाऱ्या कोणत्याही राजवटीला हाच प्रश्न विचारायला हवा.