बटाट्याच्या शेतातले गाव

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तेथील बऱ्याच जमिनीत बटाटे पिकत. १९४७ साली लेव्हिट अँड सन्स या बिल्डर कंपनीने त्यातली शेते विकत घेऊन घरे बांधायला सुरुवात केली आणि १९५१ पर्यंत सतरा हजारांहून अधिक घरे उभी केली. गावाला बिल्डरचेच नाव पडले, लेव्हिटटाउन. अमेरिकन सुखवस्तूपणाचे जे चित्र जगभर पोहोचले, म्हणजे घरासमोर हिरवळ, दारात मोटार, स्वयंपाकघरात फ्रीज आणि बैठकीत टीव्ही, त्याचा पहिला साचा येथे तयार झाला. त्या साच्यात कोणाला जागा नव्हती, हेही येथेच दिसते.

युद्धात सुमारे एक कोटी साठ लाख अमेरिकनांनी सैन्यात काम केले होते. ते परतले, लग्ने झाली, मुले झाली. पण राहायला घर नव्हते. आधी मंदी, मग युद्ध, अशी पंधरा वर्षे बांधकाम जवळपास थंडच होते. कोणी सासऱ्याकडे, कोणी लष्कराच्या पत्र्याच्या झोपड्यांत दिवस काढत होते. १९४४ च्या जी. आय. बिल या कायद्याने माजी सैनिकांना सरकारी हमीवर स्वस्त कर्जाची सोय केली होती. गिऱ्हाईक आणि पैसा दोन्ही तयार होते, फक्त घर हवे होते.

विल्यम लेव्हिटने ते कारखान्याच्या पद्धतीने पुरवले. डेट्रॉइटमध्ये मोटार पट्ट्यावरून पुढे सरकत असे आणि कामगार जागेवर उभा असे. येथे घर जागेवर राहिले आणि कामगारांच्या टोळ्या एका घरातून दुसऱ्यात सरकल्या. बांधकामाचे सव्वीस-सत्तावीस टप्पे पाडले होते. एखाद्या कामगाराने दिवसभर फक्त धुलाई यंत्राचे बोल्ट जमिनीत पक्के करायचे, दुसरे काही नाही. भरभराटीच्या दिवसांत रोज तीस घरे पुरी होत. सुरुवातीची घरे साडेसातशे चौरस फुटांची, दोन शयनगृहांची होती. भाडे महिना साठ डॉलर. १९४९ मध्ये घरे विक्रीला निघाली तेव्हा किंमत ७,९९० डॉलर होती आणि माजी सैनिकाला आगाऊ रक्कम न भरता महिना अठ्ठावन्न डॉलरचा हप्ता पडे. भाड्यापेक्षा हप्ता कमी! साध्या नोकरदार माणसाच्या हयातीत असे क्वचितच घडते. लेव्हिटच्या कर्तबगारीला दाद द्यायलाच हवी.

नियमही भरपूर होते. हिरवळ आठवड्यातून एकदा कापायची, कुंपण घालायचे नाही, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. १९५० च्या घरात जिन्याखालच्या भिंतीतच टीव्ही बसवून मिळे. त्या वर्षी अमेरिकेतल्या शंभरांपैकी जेमतेम नऊ-दहा घरांत टीव्ही होता. दहा वर्षांत तो जवळपास नव्वद घरांत पोहोचला. १९ जानेवारी १९५३ रोजी ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेत लूसीला मूल झाले, तो भाग चार कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, त्याला तेवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. टीव्हीसमोर बसून खाण्यासाठी अॅल्युमिनियमच्या ताटलीतले गोठवलेले तयार जेवणही त्याच सुमारास दुकानांत आले.

आता करारनाम्याकडे वळू. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात एक कलम होते : कॉकेशियन वंशाखेरीज इतर कोणी या घरात राहू नये. अपवाद फक्त घरगड्यांचा. काळ्या माणसाने भांडी घासायला यावे, संसार थाटायला नाही! ‘कॉकेशियन’ या शब्दाचीही एक गंमत आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या भारतीयाला सांगितले होते की तू शास्त्राच्या भाषेत कॉकेशियन असशीलही, पण सामान्य माणसाच्या समजुतीने गोरा नाहीस, म्हणून नागरिकत्व मिळणार नाही.

हा एकट्या लेव्हिटचा हट्ट नव्हता. कर्जाला विमा देणाऱ्या सरकारी संस्थेची मार्गदर्शिकाच अशा कलमांची शिफारस करत असे. वस्ती मिश्र झाली की घराची किंमत उतरते, असा तिचा सिद्धान्त होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात निकाल दिला की कोर्टे असे करार अमलात आणणार नाहीत. कलम कागदावरून गेले, विक्रीचे धोरण तसेच राहिले. लेव्हिट स्वतः ज्यू, एका रब्बीचा नातू. त्याचे म्हणणे असे की घरांचा प्रश्न सोडवता येईल किंवा वर्णाचा, दोन्ही एकदम नाही. घर ‘आपल्याच’ माणसाला द्यायचे हा न लिहिलेला करार कसा चालतो, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

१९५२ पासून पेनसिल्व्हेनियात दुसरे लेव्हिटटाउन उभे राहू लागले. ऑगस्ट १९५७ मध्ये तेथे विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे जोडपे तीन मुलांसह राहायला आले. विल्यम माजी सैनिक, डेझी शिक्षिका होण्यासाठी शिकलेली. कंपनी विकणार नव्हती, म्हणून त्यांनी एका गोऱ्या मालकाकडून घर घेतले. टपालवाल्याला डेझी आधी मोलकरीण वाटली. ती मालकीण आहे हे कळताच बातमी गल्लीभर झाली. संध्याकाळी जमाव जमला, दगड आले, पुढची मोठी काच फुटली. हे रात्रीमागून रात्र चालले. एक पोलीस दगड लागून बेशुद्ध पडला. मागच्या रिकाम्या घरावर गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा झेंडा लावून रात्री मोठ्याने गाणी वाजवत. शेजारचे वेक्स्लर हे ज्यू कुटुंब मायर्सच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांच्या अंगणात क्रूस जाळला गेला. काही क्वेकर आणि इतर शेजारी मात्र रोज येऊन बसत, भांडी धुवत, हिरवळ कापून देत. अखेर राज्य सरकारने कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला, तेव्हा कुठे छळ थांबला.

याच्या दीड महिना आधी, २८ जून १९५७ रोजी, आयझेनहॉवर वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरच्या उद्घाटनाला गेले होते. मुसलमानांना आपल्या श्रद्धेप्रमाणे इबादत करता यावी म्हणून अमेरिका सर्व शक्तीनिशी लढेल, असे त्यांनी तेथे सांगितले. शब्द खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण समोर मुस्लिम देशांचे राजदूत होते; पेनसिल्व्हेनियातल्या त्या गल्लीत कोणी राजदूत राहत नव्हता.

टीव्हीवर त्याच साली काय चालले होते? ऑक्टोबरमध्ये ‘लीव्ह इट टू बीव्हर’ सुरू झाली : नीटनेटके उपनगर, समजूतदार आईबाप, खोडकर मुले, सगळे गोरे. डिसेंबरमध्ये गायक नॅट किंग कोल यांचा कार्यक्रम बंद पडला. प्रेक्षक होते, मोठे पाहुणे कलाकार येत होते, पण देशभराचा जाहिरातदार मिळाला नाही. काळ्या यजमानाशी आपल्या मालाचे नाव जोडायला कंपन्या भीत होत्या. याच कोल यांनी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वस्तीत घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांनाही विरोध केला होता. आवाज प्रत्येक बैठकीत चाले, माणूस शेजारी चालत नसे.

पण टीव्ही एकतर्फी राहिला नाही. त्याच सप्टेंबरात लिटल रॉकच्या शाळेबाहेर काळ्या मुलांना शिव्या देणारा जमाव लोकांनी घरबसल्या पाहिला. पुढे १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मुलांवर सोडलेले पाण्याचे फवारे आणि कुत्रेही पाहिले. जाहिरातीसाठी भिंतीत बसवलेल्या पेटीतून असेही काही घरात आले.

१९५९ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेने एक नमुना घर उभे केले. त्याचा आराखडाही लाँग आयलंडच्याच एका बिल्डरचा होता. त्या स्वयंपाकघरात निक्सन यांनी ख्रुश्चेव्ह यांना सांगितले की असे चौदा हजार डॉलरचे घर आमचा पोलाद कामगारही घेऊ शकतो. कोणता कामगार, हे ख्रुश्चेव्ह यांनीही विचारले नाही.

घरविक्रीत वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये झाला. तोवर वीस वर्षांचे स्वस्त हप्ते फिटत आले होते आणि त्या घरांच्या वाढलेल्या किमतीवर गोऱ्या कुटुंबांची मुले कॉलेजात गेली होती. मायर्स कुटुंब १९६१ मध्ये यॉर्क या गावी गेले. डेझी तेथे शिक्षणक्षेत्रात राहिल्या, मुख्याध्यापिका झाल्या. डिसेंबर १९९९ मध्ये लेव्हिटटाउन भागाच्या महापौरांनी त्यांना बोलावून जाहीर माफी मागितली आणि कार्यालयासमोरच्या एका झाडाला ‘मिस डेझी’ असे नाव दिले. विल्यम तोपर्यंत हयात नव्हते. डेझी २०११ मध्ये वारल्या.