दोन शाळांच्या मधले मूल

अंध मुलांचा शिक्षक कानांच्या आधारे शिकवतो, कर्णबधिरांचा शिक्षक डोळ्यांच्या आधारे. मग ज्या मुलाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला कोणी शिकवायचे?

मुंबईत विशेष शाळा फार पूर्वीपासून आहेत. कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकातच निघाली. ॲना मिलर्ड यांनी १९०० साली अंध मुलांसाठी काढलेली शाळा पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा झाली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. वकील दांपत्याने १९४४ साली बौद्धिक अक्षम मुलांसाठी काढलेली शाळा आज शिवडीला आहे. प्रत्येक शाळा एकेका अपंगत्वासाठी होती आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही त्याच वाटणीने होत असे. दोन अपंगत्वे असलेले मूल या वाटणीत कुठेच बसत नव्हते.

दोन प्रशिक्षणांची बेरीज करूनही हा प्रश्न सुटत नाही. एका प्रशिक्षणात जे भरपाईचे साधन, तेच या मुलाकडे नसते. म्हणून सुरुवात निरीक्षणाने करावी लागते. बहुतेक बधिरांध मुलांची थोडी दृष्टी किंवा श्रवण शिल्लक असते. ते किती आणि कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडते, हे शिक्षकाने शोधायचे. जेवणापूर्वी रोज तीच वाटी हातात दिली, की काही काळाने वाटी म्हणजे जेवण हे मूल ओळखू लागते. तो त्याचा पहिला शब्द! मुलाचा हात धरून ओढायचा नाही; आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा आणि प्रतिसादाची वाट पाहायची.

ॲन सुलिव्हन १८८७ मध्ये हेलन केलरकडे गेल्या, तेव्हा असा कोणताही अभ्यासक्रम नव्हता. डॉ. हाव यांनी लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला शिकवताना केलेल्या नोंदी वाचून त्यांनी तयारी केली. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची साथ आली. गरोदरपणाच्या सुरुवातीला हा विषाणू गर्भाचे डोळे, कान आणि हृदय यांना इजा करतो. त्या साथीमुळे सुमारे २०,००० बालके बाधित जन्मली आणि अशा शिक्षकांची गरज एकदम वाढली.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांची शाळा तिने कुलाब्यात काढली आणि पुढे पदवीधरांसाठी शिक्षक-प्रशिक्षणही सुरू केले. १९७७ साली बेरोज वाच्छा यांनी बधिरांध मुलांसाठी हेलन केलर संस्था उभारली. भायखळ्याला ना. म. जोशी मार्गावर महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत तिचे काम चाले. दोन्हीकडे क्रम एकच होता: आधी मूल, मग शाळा, मग प्रशिक्षण.

शासकीय चौकट त्यानंतर आली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे अभ्यासक्रमांची मान्यता आणि प्रशिक्षितांची नोंदणी सोपवली. विशेष शिक्षणाचे बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. बहुविकलांगता ही त्यातली एक शाखा आहे.

शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. हा पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. पण जाणता शिक्षक शाळेतही नाही आणि घरीही येत नाही, अशी स्थिती असेल, तर तो पर्याय म्हणजे मुलाला घरी बसवणेच ठरेल.