एकशे साठ अक्षरांतली मराठी

कल्याणच्या पुढची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे लोकलच्या वेळापत्रकावर चालतात आणि अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यातले मोरिवलीही त्याला अपवाद नाही. या पट्ट्यात आखूड लेखन रोज नजरेसमोर असते. इंडिकेटरवर ‘बीएल’ लागले की गाडी बदलापूरची, ‘टीएल’ म्हणजे टिटवाळा, ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. रेल्वेच्या दफ्तरी अंबरनाथ ‘एबीएच’ असते, उल्हासनगर ‘यूएलएनआर’ आणि बदलापूर ‘बीयूडी’. या अक्षरांना कोणी भाषेचा ऱ्हास म्हणत नाही, कारण जागा थोडी आणि घाई मोठी हे सर्वांना मान्य असते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तरुणांनी मोबाइलवर आणि इंटरनेटवर तशाच तुटक रोमन अक्षरांत मराठी लिहायला घेतली, तेव्हा मात्र मराठी बुडाल्याची ओरड झाली. ते लेखन आळसातून आले नव्हते. यंत्राची रचना, मेसेजचा दर आणि लिपीच्या मानकांचा अभाव या तिन्हींच्या कोंडीतून ते जन्मले आणि कोंडी फुटली तसे विरत गेले, असे माझे म्हणणे आहे.

आधी यंत्राचा हिशेब पाहू. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठवला. एका एसएमएसला १४० बाइट्सची जागा ठरलेली होती. रोमन अक्षरे सात बिटांत मावतात, म्हणून त्या जागेत १६० अक्षरे बसत. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे सोळा बिटे लागत, म्हणून खुणा बसत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त प्रत्येकी स्वतंत्र मोजला जाई. ‘मी अंबरनाथला उतरलोय, तू कुठे आहेस?’ हे वाक्य घ्या. देवनागरीत त्याच्या ३४ खुणा होतात, म्हणजे जवळपास अर्धा मेसेज संपला. रोमन अक्षरांत तेच वाक्य सरळ, काहीही न तोडता लिहिले तर ३८ अक्षरे होतात. मेसेजचा जेमतेम चौथा हिस्सा. मोजून पाहिले तर आपली लिपी रोमनपेक्षा आटोपशीर ठरते, तरी तिच्यासाठी दुप्पट जागा मोजावी लागत होती. शिवाय त्या काळच्या बहुतेक हँडसेटवर देवनागरी उमटतच नसे.

बोटांचा हिशेब वेगळाच होता. बारा बटणांच्या फोनवर एकेका बटणावर तीन-चार अक्षरे असत. ‘मी’ लिहिताना ‘एम’नंतर ‘आय’ घेतला तर बटण चारदा दाबावे लागे, ‘ई’ घेतला तर तीनदा. तेवढ्याने कितीतरी जणांचा ‘मी’ दिसायला इंग्रजीतल्या ‘मला’सारखा झाला. ‘आठवण’ या शब्दातल्या ‘आठ’ऐवजी ८ चा आकडा आला, ‘झ’साठी ‘झेड’ आला आणि ‘माझा’ व ‘मजा’ सारखेच दिसू लागले. वाचणारा संदर्भाने अर्थ लावून घेई. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या कॉललाही २००३ पर्यंत पैसे पडत. तासाभराच्या लोकल प्रवासानंतर कामावर पोहोचणाऱ्या माणसाला ‘पोहोचलो’ एवढे कळवायला मेसेज परवडत असे आणि तोही जड वाटला तर मिस्ड कॉल होताच. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला मेसेजचे पॅक लागू नसत, त्यामुळे लोक शुभेच्छा आदल्या दिवशीच पाठवून मोकळे होत. इतका काटेकोर हिशेब करणाऱ्याला आळशी कसे म्हणावे?

संगणकावर जागेची टंचाई नव्हती, तिथे अडचण मानकांची होती. भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे मानक आणि युनिकोड ही दोन्ही १९९१ पर्यंत कागदावर आली होती, पण सर्वसामान्यांच्या संगणकापर्यंत देवनागरी पोहोचायला आणखी दशक गेले. तोवर प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा. एकाने टाइप केलेला मजकूर दुसऱ्याकडे निरर्थक चिन्हे होऊन उघडे. समोरच्याला नक्की वाचता येईल अशी एकच लिपी उरली, ती रोमन. २००४ मध्ये ऑर्कुट हे समाजमाध्यम आले आणि सायबर कॅफेतून मराठी तरुण एकमेकांच्या पानांवर लिहू लागले, तेव्हा मोबाइलवर रुळलेले हेच लेखन तिथे गेले.

यावर पहिला आक्षेप असा, की कारण काहीही असो, या लेखनाने मुलांचे शुद्धलेखन बिघडले. इथे मराठी लेखनाचा जुना इतिहास आठवावा. शतकानुशतके आपला व्यवहार ज्या मोडी लिपीत चालला, तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नव्हता. ‘सा. न. वि. वि.’, ‘ती.’, ‘चि.’, ‘रा. रा.’, ‘ता. क.’ ही पत्रांतली अक्षरे म्हणजे अख्ख्या शब्दांचे आणि वाक्यांचे संक्षेपच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली, ती लेखनात एकवाक्यता नव्हती म्हणूनच. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जागाच वाचवायची होती, तर ‘हाय’मधला शेवटचा स्वर पाच-पाच वेळा का लिहायचा? मान्य करायला हवे, की हे लेखन मिरवण्याची आणि आपली टोळी ओळखण्याची खूणही झाले होते. पण ताणलेला स्वर काटकसरीच्या विरुद्ध असला तरी निरुद्देश नव्हता. कोरड्या अक्षरांतून आवाजातला लाड, राग किंवा खेच पोहोचवण्याचे दुसरे साधन हाताशी नव्हते. पुढे इमोजी आणि व्हॉइस मेसेज आले आणि ते काम त्यांनी उचलले. तेव्हा हाही कोंडीतून काढलेला मार्गच होता.

उतरणीचा क्रमही हेच सांगतो. व्हॉट्सॲपने अक्षरांची मोजणी संपवली, टचस्क्रीनने बटण चारदा दाबण्याची सक्ती काढली, अँड्रॉइड फोनवर देवनागरी नीट दिसू लागली. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस ऑर्कुट बंद झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्यांना कीबोर्ड कधी जमला नसता, तेही आता देवनागरीत लांबलचक मजकूर लिहितात. ८ चा आकडा घातलेली ‘आठवण’ आज क्वचितच भेटते. तिच्याविरुद्ध कोणी कायदा केला नाही की मोहीम चालवली नाही.

तरीही रोमन लिपीतली मराठी संपलेली नाही, मग तुमचा सिद्धान्त फसला, असे कोणी म्हणेल. संक्षेप आणि रोमन लिपी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संक्षेप दरावर जगत होते, ते गेले. लिपीची सवय मात्र कीबोर्डवर जगते आणि फोन हाती येतो तो इंग्रजी कीबोर्ड समोर ठेवूनच. शिवाय काही ठिकाणी रोमनला खरी सामाजिक गरज आहे. फाळणीनंतर निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात सिंधी भाषा अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत वाटली गेली. आजोबांची लिपी नातवाला वाचता येत नसेल, तर रोमन ही दोघांना जोडणारी वाट होते. पण अशी लिपी केवळ सोयीने स्थिर होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि ‘उदेंतेचें साळक’ हे कोंकणी नियतकालिक १८८९ मध्ये पुण्यातून त्याच लिपीत निघाले. गोव्यातली रोमी कोंकणी टिकली, कारण तिच्यामागे चर्च होते, छापखाने होते, तियात्राची रंगभूमी होती आणि अक्षरांचे ठरलेले संकेत होते. मोबाइलवरच्या रोमन मराठीला यातले काहीच लाभले नाही. एकाच शब्दाची चार रूपे चालत राहिली आणि कोणतेच रूप पुढच्या पिढीकडे गेले नाही.

म्हणून त्या तरुणांना दोष देऊन हाती काही लागत नाही. त्यांनी महागड्या, परक्या यंत्रावरही आईशी, मित्राशी मराठीतच बोलणे चालू ठेवले, वाक्यरचना मराठी ठेवली, क्रियापदे मराठी ठेवली. सोडली ती फक्त लिपी आणि तीही यंत्राने नाकारली म्हणून. देवनागरी परत आली ती फॉन्ट, मानके आणि कीबोर्ड घडवणाऱ्यांच्या कामामुळे. मराठीची काळजी असणाऱ्यांनी आपला जोर तिथेच लावावा. नवे यंत्र बाजारात येईल त्या पहिल्याच दिवशी त्यावर देवनागरी धड चालली पाहिजे, असा आग्रह सरकारने, विद्यापीठांनी आणि ग्राहकांनी धरला, तर पुढच्या पिढीवर ती अक्षरमोजणी करायची वेळ येणार नाही.