कपामागचा हात

चांगली एस्प्रेसो कॉफी नाशकात कोठे मिळते, हा प्रश्न मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत विचारला तेव्हा सगळे हसले. नाशिक हे चहाचे गाव. पहाटे रामकुंडावर स्नान करून कुडकुडत वर आलेला यात्रेकरू असो, की शेवटची गाडी चुकल्याने स्थानकावर रात्र काढणारा प्रवासी असो, त्याला हवा असतो तो आले घातलेला चहा. परंतु माझ्या कादंबरीतल्या एका पात्राला मी एस्प्रेसो प्यायला लावली होती, आणि लिहिता लिहिता ध्यानात आले की, ही वस्तू आपण स्वतः कधी चाखलेलीच नाही. स्वतःला ठाऊक नसलेले मुलांना शिकवू नये, असा माझा नियम आहे. तो वाचकांच्या बाबतीतही पाळावा, म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत मी शोधाला निघालो.

चाखलेलीच नाही असे म्हटले, ते तितकेसे खरे नव्हे. माझ्या लहानपणी लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात वाफेचे एक चकचकीत यंत्र मांडलेले असे. त्यावरचा माणूस कपात डब्यातली तयार पूड, साखर आणि दूध घेई, कप नळीखाली धरी आणि फर्रकन वाफ सोडी. दुधाला फेस येई. त्यावर तो चिमूटभर तपकिरी पूड भुरभुरवी. तिला सगळे 'एक्स्प्रेसो' म्हणत. १९७५ पासून आमच्या गावावरून पंचवटी एक्स्प्रेस मुंबईला जाते. तेव्हा गाडीसारखी फुसफुसते म्हणून ती एक्स्प्रेसो, अशी माझी भाबडी समजूत होती. म्हणजे नाशकात वस्तूच्या आधी नाव आले, आणि तेही दुसऱ्याच वस्तूला चिकटले.

तसे कॉफीचे आणि आपले नाते जुने आहे. कॉफीच्या दाण्याला जुन्या मराठीत 'बुंद' म्हणत. अरबी 'बुन'वरून आलेला हा शब्द. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सत्पुरुषाने येमेनहून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात पेरले, अशी आख्यायिका आहे. आपल्या घरांत मात्र कॉफी आली ती दुधात उकळून, भरपूर साखर आणि वर जायफळ घेऊन. मुंबईच्या पेस्तनजी एदलजी दलालांनी पोल्सन या नावाने जी कॉफी घरोघर पोचवली, तिच्यात चिकरीच्या मुळांची पूड मिसळलेली असे. ही कॉफी वाईट होती असे मी म्हणणार नाही. आजारातून उठल्यावर आईने दिलेल्या त्या कॉफीची सर दुसऱ्या कशाला आहे? पण तिच्यात खुद्द कॉफीची चव किती आणि जायफळाची किती, हे सांगणे कठीण.

खरी एस्प्रेसो इटलीची. तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दो याने १८८४ साली वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेरा याने मागेल त्याला ताबडतोब एकेक कप काढून देणारे यंत्र रचले. परंतु नुसत्या वाफेचा दाब बेताचा, आणि तिच्या उष्णतेने कॉफी करपट व्हायची. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जिया याने तरफेचे यंत्र काढले. माणसाने हाताने दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग दाबली जायची, आणि ती सुटली की गरम पाणी हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पट जोराने बारीक पुडीतून निघायचे. त्या दाबाने कॉफीवर सोनेरी फेसाचा थर आला. दूध नाही, साखर नाही, तरी फेस! १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या यंत्रात पंप आला आणि दांडा ओढण्याचे श्रम वाचले. तरीही पूड किती बारीक दळायची, किती दाबायची, कधी थांबवायचे, हे हातावरच राहिले.

अशी कॉफी नाशकात का आली नाही, याचे कारण केवळ आपली चहाची आवड नव्हे. १९४२ च्या कायद्याने देशातल्या मळ्यांची कॉफी एका मंडळाकडे जमा होऊ लागली. सगळ्यांचा माल एकत्र. कोणत्या डोंगरावरचा दाणा कोणता, हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोयच नव्हती. मळेवाल्याने ठरवले तरी आपला निवडक दाणा नाशिकच्या दुकानदाराला परस्पर विकता येत नसे. १९९२ नंतर ही बंधने सैल होत गेली आणि १९९६ मध्ये पूर्ण सुटली. त्यानंतर मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापलेली पाकिटे दिसू लागली.

हे सारे वाचून तयारीनिशी मी कॉलेज रोडवर गेलो. पहिल्या दुकानात मिळालेली कॉफी जळक्या लाकडासारखी कडू होती. दुसऱ्या ठिकाणी पोऱ्याने काळजीने विचारले, "काका, ती फार कडू असते, दूध घालून देऊ का?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता घातलेही. तिसरे दुकान गंगापूर रोडला एका गल्लीत होते. यंत्रामागे उभा असलेला तरुण पूड तोलत होता. त्याने कॉफी काढली, धारेकडे पाहिले, आणि तो कप मोरीत ओतून दिला. चक्कीचा काटा जरासा फिरवून पुन्हा पूड दळली, पुन्हा तोलली. या वेळी काळसर धार हळूहळू मधासारखी उतरली. मी घोट घेतला. आधी कडू, मग किंचित आंबट, आणि शेवटी भाजलेल्या शेंगदाण्यासारखे काहीतरी गोडसर जिभेवर राहिले. घोट दोन-तीनच, पण चव घरी पोचेपर्यंत पुरली.

"पहिला का ओतलास?" मी विचारले.

"लवकर उतरला, सर. अठरा ग्रॅम पुडीची छत्तीस ग्रॅम कॉफी पंचवीस-तीस सेकंदांत उतरायला पाहिजे. लवकर उतरली तर आंबट, उशिरा उतरली तर कडू. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा दळण रोज बदलावं लागतं."

'सर' ऐकून मी वर पाहिले. तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी होता. त्याने मला केव्हाच ओळखले होते. हसत म्हणाला, "सर, तुम्ही नववीत म्हणाला होता, अभ्यास केला नाहीस तर हॉटेलात कपबश्या विसळशील. बघा, विसळतोय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

ते वाक्य माझे एकट्याचे नव्हे. माझ्या मास्तरांनी ते मला ऐकवले होते. त्यांनाही कोणी ऐकवले असेल. कपबशी विसळणे हे आपल्याकडे नापासाच्या शिक्षेचे नाव का झाले, याचा विचार करत मी घरी आलो, आणि मग माझे वाचन वेगळ्याच वाटेला लागले.

आपल्याकडे कपात काय आहे यापेक्षा तो कोणाच्या हातचा, हा प्रश्न नेहमी मोठा ठरला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. गोपाळराव जोश्यांनी नावे छापून आणली, आणि एका कपावरून प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. थोरामोठ्यांची ही गत, तर इतरांचे काय? आपल्या गावोगावच्या हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्यांसाठी कप वेगळा असे. तो बाहेर ठेवलेला असे, आणि पिणाऱ्याने तो स्वतः विसळून ठेवायचा असे. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, ते नाशिक या रीतीला अपवाद असेल असे मानायला मी धजत नाही. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने समतेच्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे, तो काही उगाच नव्हे. विसळण्याच्या कामाला चिकटलेली हीनता तिथून आली, आणि आम्ही मास्तर मंडळी ती फळ्यासमोर उभे राहून पुढच्या पिढीला देत राहिलो.

पण याच कपबशीचा दुसराही इतिहास आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले, आणि पुढे देशभर त्याच्या शाखा झाल्या. १९५० नंतरच्या दशकात मंडळाने त्या बंद करायला घेतल्या, आणि वाढपी, आचारी, विसळणारे नोकरीवरून निघू लागले. ही माणसे रडत बसली नाहीत. ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्यांनी सहकारी संस्था काढल्या; पहिली १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगलोरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीला त्यांचे स्वतःचे कॉफी हाउस सुरू झाले. काल कप उचलणारा आज त्या कपाचा मालक झाला. शाळेच्या पुस्तकात हा धडा मी कधी पाहिला नाही. आणि माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे असले, तरी ती सबब पुढे करण्यात अर्थ नाही. शोधला असता तर सापडला असता.

सुटी संपण्याआधी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. त्याला म्हणालो, "तेव्हा मी चुकीचं बोललो." तो क्षणभर गोंधळला. यंत्राचा दांडा फडक्याने पुसत म्हणाला, "सर, दादांना सांगाल का? त्यांना वाटतं, मी वाया गेलो." त्याच्या वडिलांची चहाची टपरी आहे, आयुष्यभर कप विसळून त्यांनी मुलाला शाळेत घातले ते यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मी गेलो. त्यांनी कटिंग पुढे केला, माझे बोलणे निमूट ऐकून घेतले, आणि एवढेच विचारले, "तुमच्या मुलाला लावाल का, मास्तर, या कामाला?"

मला चटकन हो म्हणता आले नाही. चांगली एस्प्रेसो कोठे मिळते ते मी आता सांगू शकतो. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अजून शोधतो आहे.