गोधडी शिकवावी लागते का?

कुडाळ परिसरातल्या एखाद्या सत्तरीच्या आजीला विचारून पाहा, "गोधडी शिवायला तुम्हाला कोणी शिकवलं?" ती आधी हसेल. मग म्हणेल, "शिकवूक कित्याक होया? बगान बगान येता." तिच्या दृष्टीनं हा प्रश्नच चमत्कारिक. चुलीवर भात शिजवायला कोणी वर्गात जातं का, तसा. आणि आज मात्र बचत गटांच्या प्रशिक्षणात, शहरातल्या शिबिरांत, मोबाईलवरच्या चित्रफितींत हीच विद्या शिकवली जाते. कधी गोधडी म्हणून, तर कधी 'क्विल्टिंग' म्हणून फी घेऊन. बघून बघून येणारी गोष्ट शिकवण्याची गोष्ट कशी झाली, त्यात काय मिळालं आणि काय हातचं गेलं, याचा थोडा मागोवा आज घेऊ.

जुनं कापड जोडून नवं पांघरूण करणं हे गरिबीचं लक्षण, असा आपला समज. इतिहास वेगळं सांगतो. बौद्ध भिक्षूंची चीवरं तुकडे जोडूनच शिवलेली असत. विनयपिटकात अशी कथा आहे, की मगधातली भातखाचरं आणि त्यांचे बांध पाहून बुद्धानं आनंदाला तशाच रेखणीचं चीवर करायला सांगितलं. आपल्याकडचे कुणगे आणि त्यांच्या मेरा उंचावरून पाहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगायची गरज नाही! पावसाळ्याचा वर्षावास संपला की 'कठिन' नावाचा विधी होई. कठिन म्हणजे कापड ताणून बसवायची लाकडी चौकट. दान मिळालेलं कापड भिक्षूंनी एकत्र बसून कापायचं, शिवायचं, रंगवायचं, आणि तेही दुसऱ्या दिवशीची पहाट व्हायच्या आत. समूहानं मिळून एक शिवणकाम पुरं करायचं, याचं इतकं जुनं नियमबद्ध उदाहरण क्वचितच सापडेल.

या चीवरांचा हिशेब महाराष्ट्राच्या दगडावरही कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचं व्याज झालं २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. गणित चोख जुळतं. बचत गटाच्या वहीत शोभेल असंच.

आता आपल्या गोधडीकडे येऊ. कंथा हा संस्कृत शब्द. त्याच शब्दानं बंगालात आजची 'कांथा' दिली. आपल्याकडे घाटावर वाकळ, कोकणात गोधडी, कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कौदी. नावं निरनिराळी, रचना एकच: वर चांगलं लुगडं, खाली दुसरं, आणि मधे विरलेली धोतरं, फाटके सदरे, परकराचे तुकडे. सगळं धावदोऱ्यानं एकजीव करायचं. कोकणात कापूस पिकत नाही. शिवाय सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कापूस भरलेली गादी किंवा रजई एकदा दमट झाली की चार महिने वास सोडत नाही. थरांची गोधडी मात्र चुलीच्या उबेवर, पडवीतल्या दांडीवर निदान वाळते तरी. तेव्हा ही केवळ काटकसर नव्हती, हवामानाला शोधलेलं उत्तर होतं.

लुगड्याचं मापही या कामाला नेमकं बसे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे, माणूस पाय पसरून निजेल एवढे चार थर तयार. पन्हा सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे एका माणसाची रुंदी. एका लुगड्यात एक अख्खी गोधडी! कात्रीसुद्धा लागत नाही. पुढे पाचवारी साडी आली आणि हे गणित मोडलं. साडेपाच मीटरात दोन थर पडतात आणि तुकडा उरतो. त्यानंतर नायलॉन आणि टेरिकॉट आलं. ते घसरतं, घाम टिपत नाही आणि विरतही नाही. गोधडीला विरलेलं कापड लागतं. जे विरतच नाही त्याची गोधडी कसली? आजच्या शिबिरांत नवं सुती कापड विकत आणून त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे पुन्हा जोडतात. जुन्या बायकांना हा प्रकार वेडेपणाचा वाटतो. मला तो अगदीच वेडेपणा वाटत नाही, पण त्याकडे पुढे येतो.

हे कापड यायचं कुठून? मुंबईची पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग १८५४ साली सुरू झाला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान इथली माणसं त्या गिरण्यांच्या साच्यांवर उभी राहिली. कुडाळ तेव्हा याच संस्थानात होतं. वेंगुर्ल्याला आगबोट लागे. तिच्यातून चाकरमानी येत, आणि त्यांच्या ट्रंकेत घरच्यांसाठी लुगडी आणि धोतरं असत. गिरणीत विणलेलं ते कापड गावी येऊन दहा वर्षं नेसलं जाई आणि मग गोधडीत जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या संपानं काय काय नेलं, त्याच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. घरच्या गोधडीला मिळणारं सुती कापडही त्या यादीत घालायला हवं.

आता शिकण्याबद्दल. गोधडी घरात शिकली जाई, हे खरं, पण एकटीनं क्वचित. शिमगा झाला, भाजावळीची कामं आटोपली, की मिरगाच्या आधीचे कोरडे दिवस या कामाचे. शेतीत जसा वारंगुळा चाले, आज तुमच्या शेतात आमचे बैल, उद्या आमच्या शेतात तुमचे, तसाच हा बायकांचा वारंगुळा. आज हिच्या खळ्यात, परवा तिच्या. लहान मुलीकडे आधी सुईत दोरा ओवायचं काम. आजीला दिसत नाही आणि नातीला दिसतं, म्हणून ती त्या घोळक्यात बसे. मग कोपरा धरून ठेवायचा. मग आतल्या थरात, जिथं वाकडा टाका कोणाला दिसणार नाही, तिथं कच्चे टाके घालायचे. वरच्या थराला हात लावायला मिळे तो दोन-तीन उन्हाळ्यांनंतर. याला अभ्यासक्रम म्हणायचं नाही तर काय? फक्त तो कोणी लिहून ठेवला नाही. म्हणून 'बगान बगान येता' या उत्तरात मला थोडी फसगत वाटते. ती बाई शिकली होती, आणि चांगल्या शाळेत शिकली होती. तिला ती शाळा आहे हे कोणी सांगितलं नाही, इतकंच.

लिहून ठेवलेला अभ्यासक्रम आला तो निराळ्या वाटेनं. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा वाचन-लेखनाबरोबर सुईकाम हा विषय आला. १८२७ साली मुंबईत आलेल्या सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिकेचं नाव सावित्रीबाईंच्या चरित्रामुळे आपल्या ओळखीचं आहे. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. शिवण आणि भरतकामाचे वर्ग हा तिथल्या कामाचा मोठा भाग होता. विधवेला, टाकलेल्या बाईला चार पैसे मिळवून मानानं जगता यावं, हा हेतू. त्या वर्गांनी किती घरं उभी केली, याची मोजदाद नाही. पण त्यात एक गोष्ट झाली. वर्गात शिकवलं जाई ते झबलं, पोलकं, रुमालावरची फुलं. गोधडी वर्गात आली नाही. जे घरात येतंच ते शिकवायचं कशाला? अशानं सुईच्या दोन जाती झाल्या. वर्गातली सुई शिकलेली ठरली आणि घरातली अडाणी.

यंत्रानं हा भेद पक्का केला. १८७५च्या सुमारास नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगर कंपनीची यंत्रं हिंदुस्थानात विकायला सुरुवात केली, आणि हप्त्यांच्या सोयीमुळे ती पसरली. १९३०च्या दशकात देशी उषा आली. स्वातंत्र्यानंतर सरकारी योजनांनी शिलाई यंत्र हेच स्त्रीच्या स्वावलंबनाचं चिन्ह करून टाकलं: १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७९ साली ट्रायसेम, १९८२ साली द्वाक्रा, १९९९ साली या शेवटच्या दोन्ही योजना सामावून घेणारी स्वर्णजयंती योजना, आणि २०११पासून उमेद. नावं बदलत गेली, पण शिवणवर्ग प्रत्येक योजनेत होताच. कोकणात तर एकेका वाडीत यंत्रं इतकी झाली, की शिवायला ब्लाऊज उरले नाहीत. मग बाजारात काही निराळं न्यायला हवं, या गरजेतून बचत गटांची नजर पुन्हा गोधडीकडे वळली.

इथं जरा दूर अमेरिकेत जाऊ. अलाबामा राज्यात १९६६ साली, मतदानाच्या हक्काची चळवळ जोरात असताना, गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्याही गोधड्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून मागणी आली. दुकानांना मात्र शंभर नग सारख्याच मापाचे हवे होते. मग त्या बायकांना वर्ग घेऊन शिकवावं लागलं. काय शिकवलं? टाके एकसारखे घाला, मनाला येईल तसा तुकडा लावू नका. १९७२ साली तर सीअर्स या कंपनीकडून उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. पैसा आला, घरं सुधारली. आणि गंमत पाहा, २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्याच परिसरातल्या, जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि समीक्षक थक्क झाले, तेव्हा लागलेल्या गोधड्या घरच्यांसाठी मनाप्रमाणे शिवलेल्या होत्या. दुकानासाठी सरळ केलेल्या नव्हत्या.

बंगालचा धडा वेगळा आहे. तिथं कवी जसीमुद्दीन यांच्या १९२९ सालच्या काव्यानं 'नक्षी कांथा' हे नाव घराघरांत नेलं. १९३९ साली स्टेला क्रामरिश या विदुषीनं कांथेवर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. संग्राहक मिळाले, संग्रहालयं मिळाली, २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या गोधडीकडे असं लक्ष फार उशिरा गेलं. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं, तेही प्रसिद्ध झालं फ्रान्समध्ये.

आपल्या जिल्ह्यात मात्र शिकवण्यानं कला वाचल्याची उदाहरणं आहेत. सावंतवाडीच्या गंजिफांची कला जेमतेम एका वृद्ध चिताऱ्याच्या हातात उरली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती त्याच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर तयार केले. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथीचं संग्रहालय उभं केलं, जमातीबाहेरच्यांनाही कला दाखवली आणि शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दोन्हीकडे शिकवणारा होता तो ज्याच्या घरात कला होती तो, किंवा त्याच्या पायाशी बसून शिकलेला. गोधडीच्या प्रशिक्षणात हा क्रम उलटा होण्याची भीती असते. तीस वर्षं गोधड्या शिवलेली बाई चटईवर प्रशिक्षणार्थी म्हणून बसते आणि प्रमाणपत्रवाली मुलगी तिला 'लॉग केबिन' नावाची अमेरिकन रचना शिकवते. मधे एक चौकोन, भोवती पट्ट्या. आजी मनात म्हणत असेल, हा तर आमचाच चौक! मानधन कोणाच्या नावावर पडतं, हा यातला खरा प्रश्न आहे. प्रशिक्षकाच्या मानधनावर चौथी शिकलेल्या बाईचं नाव घालायला नियम आड येत असेल, तर नियम बदलायला हवा.

वर्गाच्या बाजूनंही बोलायला हवं. नवं कापड कापून जोडणं मला वेडेपणा वाटत नाही, ते यासाठी. जी मुलगी मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत वाढली, जिच्या घरात ना विरलेली लुगडी ना सुई ओवून घेणारी आजी, तिला बघून बघून येणार कुठून? तिला वर्गच हवा. पुरुषालाही हवा, घरच्या शाळेत त्याला कधी प्रवेशच नव्हता. रंग उतरतो का हे आधी पाहणं, कामाचे तास लिहून ठेवणं, त्यावरून किंमत काढणं, या गोष्टी खळ्यात कोणी शिकवल्या नाहीत. कारण तिथं किंमत काढायचीच नव्हती. विकायची तर ती काढावी लागेल, आणि धावदोऱ्याच्या तासाला निदान मजुरीइतका दर लागेल. आज गिऱ्हाईक कौतुक भरपूर करतं आणि दर ऐकला की घासाघीस सुरू करतं. जुन्या साड्यांचं तर आहे, म्हणतं.

एक बारीकशी तांत्रिक गोष्ट मात्र वर्गानं खळ्याकडून घ्यावी. आधुनिक पद्धतीत शिवण बहुधा मधून सुरू करून बाहेर नेतात. अनेक जुन्या गोधड्या उलट आहेत. टाका काठावरून सुरू होतो, चारी बाजूंनी चौकाचौकानं आत येतो. उत्तर कन्नडमधल्या कोकणी बोलणाऱ्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीतही तसंच. त्यात सोय अशी, की चार बाजूंना चौघी बसू शकतात. चौघींचे टाके निराळे राहतात आणि ओळखूही येतात. एक शिकाऊ मुलगी दोघींच्या मधे बसवता येते, आणि चौघीही बोलत बोलत मधल्या चौकात येऊन भेटतात. एवढं साधायचं तर वर्गातली टेबलं भिंतीला लावावी लागतील आणि सगळ्यांना जमिनीवर बसावं लागेल.