मुंबई गोदीतील स्फोट (१९४४) : जोखीम, नियमपालन आणि निर्णयाधिकार

प्रस्तावना

अपघात घडल्यानंतर कारणे शोधणे व नुकसानभरपाई देणे हा जोखीम-व्यवस्थापनाचा केवळ उत्तरार्ध होय. धोका आधी ओळखणे, त्यासंबंधीचे नियम पाळणे आणि आणीबाणीत निर्णय कोणी घ्यावयाचा हे निश्चित करणे, हा त्याचा पूर्वार्ध होय. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट युद्धकाळातील एक दुर्दैवी घटना म्हणून सांगितला जातो. तथापि या पूर्वार्धाच्या अभावाचे उदाहरण म्हणूनही त्याचा अभ्यास होणे आवश्यक आहे.

नियम आणि शिथिलता

स्फोटकांसंबंधीचा कायदा भारतात १८८४ पासून अस्तित्वात होता. स्फोटके आणणारे जहाज थेट गोदीत न घेता बंदरात दूर उभे करावे, माल लहान बार्जमधून उतरवावा आणि धोक्याची सूचना म्हणून जहाजावर लाल निशाण लावावे, अशी शांतताकाळातील पद्धत होती. युद्धाच्या निकडीमुळे अशी जहाजे गोदीत घेण्यास मुभा देण्यात आली. मात्र मूळ नियमाने जे संरक्षण मिळत होते, त्याच्या जागी दुसरी पुरेशी तजवीज करण्यात आली नाही.

'फोर्ट स्टिकिन' हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईस आले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. कराचीत त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेल, लाकूड, गंधक इत्यादी माल चढविण्यात आला. त्वरित पेट घेणारा कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात, किंबहुना एकाच कप्प्यात वरखाली ठेवली गेली. जहाजावर लाल निशाण नव्हते. गोदीत येऊन दोन दिवस होत आले, तरी बहुतांश स्फोटके जहाजातच होती. यांपैकी प्रत्येक त्रुटी वेगळी पाहता किरकोळ वाटते; त्यांची बेरीज मात्र विनाशकारी ठरली.

निर्णयाविना गेलेले दोन तास

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास क्रमांक दोनच्या कप्प्यात आग लागल्याचे लक्षात आले. अग्निशमन दलाने जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी सोडले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडले नाही. जहाज जागीच बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे की तेथेच आग विझवावी, याविषयी कप्तान, लष्करी अधिकारी, गोदी-प्रशासन व अग्निशमन दल यांच्यात एकवाक्यता झाली नाही. प्रत्येकास आपापले कार्यक्षेत्र होते. सर्वांवर बंधनकारक ठरेल असा निर्णय मात्र कोणीच दिला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला.

मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. गोदीतील अनेक जहाजे नष्ट झाली, धान्याची कोठारे जळाली, लगतच्या मांडवी भागात आग पसरली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. युद्धकालीन वृत्तनियंत्रणामुळे या आपत्तीची बातमी काही आठवडे उघडपणे प्रसिद्ध होऊ शकली नाही.

कायदा आणि अंमलबजावणी

कायदा आणि अंमलबजावणी यांतील अंतर येथेच संपत नाही. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेसाठीचा 'इंडियन डॉक लेबरर्स ॲक्ट' १९३४ मध्ये संमत झाला होता; परंतु तो प्रत्यक्षात लागू झाला १९४८ मध्ये. या कायद्याने स्फोट टळला असता असे म्हणता येत नाही. तथापि सुरक्षिततेचा विषय किती काळ पुढे ढकलला जात होता, हे त्यावरून स्पष्ट होते. पुढे १९८६ मध्ये गोदी कामगारांची सुरक्षितता, आरोग्य व कल्याण यांविषयी अधिक व्यापक कायदा करण्यात आला.

समारोप

१४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व हुतात्मा जवानांना आदरांजली वाहिली जाते. ते यथोचितच आहे. परंतु ज्या चुकांची किंमत या जवानांनी मोजली, त्या आग लागण्यापूर्वीच इतरत्र झालेल्या होत्या. निकडीच्या काळात नियम शिथिल करणे कधीकधी अपरिहार्य असते. अशा वेळी वाढलेली जोखीम कोणी स्वीकारली, पर्यायी संरक्षण कोणते आणि अंतिम शब्द कोणाचा, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आधीच तयार असणे हेच नियमपालनाचे खरे स्वरूप होय. व्हिक्टोरिया गोदीत ती उत्तरे आग लागल्यानंतर शोधली जात होती.